तळव्याखाली अडकलेलं पाणी: एका सोसायटीच्या पायऱ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातली सात मजल्यांची, दोन विंगांची जुनी सोसायटी. फाटकातून आत आलं की पाच पायऱ्या, त्यावर छोटासा ओटा आणि मग लिफ्टसमोरची जागा. इमारत बांधली तेव्हापासून या पायऱ्यांवर शहाबादी फरशी होती. तिचे कोपरे झिजले होते, रंग उडाला होता, दोन फरश्या तडकल्या होत्या. दुरुस्तीचं मोठं काम निघालं तेव्हा सर्वसाधारण सभेत ठरलं की प्रवेशद्वारही नवं करून घ्यावं. तीन कोटेशनं आली. रंग, चकाकी आणि दर यांवर चर्चा झाली आणि काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट ठरला. मे महिन्यात काम पूर्ण झालं. संध्याकाळी दिवे लागले की पायऱ्यांत त्यांचं प्रतिबिंब दिसायचं, आणि सगळ्यांना ते मनापासून आवडलं होतं.

मीही त्या सभेला होतो. माझी नोकरी यंत्रांच्या बेअरिंगमधल्या (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागातल्या) वंगणाशी संबंधित, म्हणजे दोन घन पृष्ठभागांमध्ये अडकलेलं द्रव काय करतं हाच माझा रोजचा विषय. तरीही "हा दगड ओला झाल्यावर काय होईल?" हा प्रश्न मी विचारला नाही. तो मला सुचलाच नाही.

अडचण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत तीन जण पडले. पहिल्या पडल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी. त्यांचं मनगट मोडलं. दुसरा शाळेतला मुलगा, त्याला फक्त खरचटलं. तिसऱ्या, घरकामाला येणाऱ्या एक ताई. त्या शेवटच्या पायरीवरून पाठीवर आपटल्या आणि आठवडाभर कामावर येऊ शकल्या नाहीत. तो आठवडाभराचा पगार त्यांना सोसायटीनं द्यावा, हा मुद्दा कमिटीत मांडावा लागला. तो आपणहून सुचायला हवा होता.

आजींना भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, माझा पाय नाही रे सरकला. पायाखालची जमीनच निघून गेली." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण शास्त्राच्या दृष्टीनं ते अचूक होतं. त्यांचा तळवा जमिनीला टेकलाच नव्हता.

कमिटीतल्या बहुतेकांचं म्हणणं होतं, पाऊस आहे, पाणी आहे, घसरायला होणारच. पण जुन्या शहाबादीवरही तोच पाऊस पडत होता, तेवढंच पाणी साचत होतं. तिथे वर्षानुवर्षं कोणी असं पडलेलं आठवत नव्हतं. म्हणजे प्रश्न नुसत्या पाण्याचा नव्हता.

पहिली चाचणी आणि तिनं केलेली दिशाभूल

आमचे खजिनदार हिशेबाला पक्के आणि कुठलीही गोष्ट स्वतः तपासून पाहणारे. त्यांनी एक रबरी चप्पल घेतली, तिच्यावर पाच किलोची कणकेची पिशवी बांधली आणि प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा लावून ती पायरीवर ओढली. कोरड्या दगडावर चप्पल हलायला साधारण साडेतीन किलोचा ओढ लागला. मग बादलीभर पाणी ओतलं, पिशवी पुन्हा नीट बसवली, काटा लावला, ओढलं. तीन किलो. फरक किरकोळ.

यावरून निष्कर्ष निघाला की दगड ठीक आहे, लोक घाईत चालतात. फलकावर सूचना लागली: "पायऱ्या ओल्या आहेत. ज्येष्ठ नागरिकांनी जपून चालावे." या प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय हाच. मला त्या काट्यात काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना, म्हणून मी गप्प राहिलो. चार दिवसांनी पेपर टाकणारा विशीतला मुलगा त्याच पायऱ्यांवरून पडला. तो धडधाकट होता आणि त्याच्या पायात बूट होते.

त्या रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. खजिनदारांची चप्पल ओढायच्या आधी अर्धा-एक मिनिट ओल्या दगडावर उभी होती. तेवढ्या वेळात तिच्याखालचं बरंचसं पाणी दाबानं बाहेर निघून गेलं होतं. म्हणजे त्यांनी मोजलं ते पाणी निघून गेल्यानंतरचं घर्षण. चालणारा माणूस पाण्याला एवढा वेळ देत नाही. एक पाऊल जमिनीवर टेकतं ते साधारण अर्धा-पाऊण सेकंद, आणि टाच टेकल्यानंतरचा पहिला दशांश सेकंदच सगळ्यात धोक्याचा, कारण तेव्हा शरीराचा भार पुढे येत असतो आणि टाच पुढे सरकू पाहत असते.

पाणी वजन कसं पेलतं

इथे थोडं थांबून नीट सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

ओल्या सपाट दगडावर सपाट तळवा टेकला की मधलं पाणी कडांकडून बाहेर पडू लागतं. पण पाणी प्रवाही असलं तरी वाहण्याला त्याचा आंतरिक विरोध असतो. थर जितका पातळ होतो तितकी त्यातून वाट काढणं कठीण होत जातं. बाहेर पडता न आलेल्या पाण्यात दाब तयार होतो आणि तो दाब माणसाचं वजन उचलून धरतो. सपाट तबकड्यांमधल्या द्रवाचं हे गणित भौतिकशास्त्रज्ञ योजेफ स्टेफान यांनी १८७४ मध्ये मांडलं, आणि १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनल्ड्स यांनी वंगणाचा सिद्धांत लिहिला तेव्हा ते त्यात सामावलं गेलं. त्याच्या तीन वर्षं आधी इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना तेल सोडायला एक भोक पाडलं होतं. अक्ष फिरू लागला की त्या भोकातून तेल उलटं बाहेर यायचं, आणि बुजवायला लावलेलं बूचही ढकललं जायचं. फिरत्या अक्षावरचं सगळं वजन तेलाच्या पातळ थरानं पेललं होतं. बेअरिंगमध्ये हीच गोष्ट आम्हाला हवी असते, तिच्यासाठी आम्ही आयुष्य घालवतो. पायरीवर तीच माणसाला पाडते.

आता आकडे. साठ किलोचा माणूस, टाचेचा सपाट भाग तीन सेंटिमीटर त्रिज्येचा वर्तुळ धरला, आणि पाणी स्वच्छ. स्टेफान यांच्या सूत्रानं पाण्याचा थर २० मायक्रॉनपर्यंत पातळ व्हायला सुमारे ०.००८ सेकंद लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनपर्यंत यायला ०.०३ सेकंद. २ मायक्रॉनपर्यंत यायला मात्र ०.८ सेकंद. थर अर्धा करायचा तर वेळ चौपट लागतो.

दगडाच्या पृष्ठभागावरची बारीक टोकं तळव्याला कधी टेकतात हे त्याच्या खडबडीतपणावर ठरतं. टोकं २० मायक्रॉन उंच असतील तर थर तेवढा उतरताच ती पाण्यातून वर येतात आणि तळव्याला पकडतात, डोळ्याची पापणी लवायच्या आत. टोकं २ मायक्रॉनची असतील तर पाऊल उचलायची वेळ होते तरी तळवा पाण्यावरच असतो. खरा तळवा असा ताठ आणि सपाट नसतो, रबर दबतं, टाच तिरकी टेकते, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ यापेक्षा वेगळा असणार. पण प्रमाण हेच राहतं. मऊ रबरामुळे एक आणखी गुंतागुंत होते: कधीकधी कडा आधी टेकतात आणि मध्ये पाण्याची बंद डबीच तयार होते.

आणि पाण्याऐवजी त्याहून दाट काही असेल, तर वेळ तेवढ्याच पटीनं वाढतो. आमच्या पार्किंगमधून तळव्यांना लागून येणारं ऑइल, पहिल्या पावसातला धुळीचा राडा, लादी पुसल्यावर राहिलेला साबण, यांचं मिश्रण स्वच्छ पाण्यापेक्षा कितीतरी दाट असतं. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाची मार्गदर्शक तत्त्वं याच तर्कावर उभी आहेत. तिथे फरशीचा खडबडीतपणा स्वच्छ पाण्यासाठी किमान २० मायक्रॉन, साबणाचं पाणी किंवा दूध सांडत असेल तर ४५, आणि इंजिन ऑइल किंवा ऑलिव्ह तेलासारख्या द्रवासाठी ७० मायक्रॉन सुचवला आहे.

मोजमाप

एका सदस्याच्या कारखान्यातून खडबडीतपणा मोजायचं सुईचं छोटं उपकरण दोन दिवसांसाठी मिळालं. ग्रॅनाइटवर आकडा दोन मायक्रॉनच्या आसपास आला. जुन्या शहाबादीच्या काही फरश्या मागच्या बाजूला तुळशीवृंदावनाभोवती टाकल्या होत्या. त्यांच्यावर सुई काही ठिकाणी मापाबाहेरच गेली, जिथे आकडा मिळाला तिथे तो तिशी-चाळिशीत होता. शेजारी शेजारी ठेवलेले हे दोन आकडे कमिटीला दाखवले तेव्हा पहिल्यांदा सगळे शांत झाले.

मग एका तपासणी प्रयोगशाळेकडून लोलक-चाचणी करून घेतली. या उपकरणात लोलकाच्या टोकाला रबराचा तुकडा असतो. तो वरून सुटतो आणि ओल्या फरशीला घासून जातो, वेग साधारण सेकंदाला दोन-अडीच मीटर. निसटत्या टाचेसारखाच तो पाण्याला पळायला वेळ देत नाही, म्हणून ही चाचणी विश्वासार्ह. ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ पर्यंत जास्त. आमचा ग्रॅनाइट कोरडा असताना पन्नासच्या वर होता. ओला करताच वीसच्याही खाली आला. खजिनदारांनी तो कागद दोनदा वाचला आणि फलकावरची सूचना स्वतः जाऊन काढली. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

विचारात घेतलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त म्हणून आधी रबरी मॅट आणली होती, चाचणीच्याही आधी. तिच्या वरच्या बाजूला चांगला उठाव होता, त्यामुळे पाय मॅटवर घसरत नव्हता. पण खालच्या बाजूला छोट्या वाट्यांसारखे बंद गोल खळगे होते. त्यांत पाणी अडकलं की त्याला कुठेच वाट नव्हती. दोन दिवसांत एका कुरिअरवाल्यासकट मॅटच घसरली. नशिबानं त्यानं कठडा पकडला. मॅट त्याच दिवशी काढली.

दुसरा पर्याय ग्रॅनाइट उखडून फ्लेम-फिनिश, म्हणजे ज्वाळेनं पृष्ठभाग खडबडीत केलेला, दगड बसवायचा. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण नुकतेच खर्च केलेले पैसे पाण्यात जाणार होते आणि सिंकिंग फंडाला पुन्हा हात लावायला कोणी तयार नव्हतं.

तिसरा, दगडावर रसायन लावून त्याला सूक्ष्म छिद्रं पाडण्याचा. विक्रेत्यानं आणलेला नमुना ओला करून पाहिला, फरक जाणवत होता. पण मला दोन शंका होत्या. ग्रॅनाइटमधल्या सिलिकावर काम करणारी अशी काही रसायनं हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या कुळातली असतात आणि ती हाताळणाऱ्या माणसासाठी अत्यंत घातक असतात. आमच्याकडे काम करायला येणाऱ्या मुलांच्या हातात नीट हातमोजेसुद्धा नसतात. दुसरी शंका छिद्रांच्या आकाराची. खळगा आणि उंचवटा यांत मोठा फरक आहे. सुट्या सुट्या उंचवट्यांमधलं पाणी त्यांच्या भोवतीच्या मोकळ्या वाटांनी बाहेर निघतं. बंद खळग्यावर रबर बसलं की ते झाकणासारखं बसतं आणि आतलं पाणी तिथेच कोंडलं जातं. मग तो खळगा रबराच्या दृष्टीनं भरलेला, गुळगुळीतच. भौतिकशास्त्रज्ञ बो पेर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी वेगातही का घटते याचं हेच कारण दिलं: डांबरातल्या खळग्यांत कोंडलेलं पाणी रस्ता जणू सपाट करून टाकतं, रबराला खळग्यात शिरून घासायला जागाच उरत नाही. तिथे तरंगण्याइतका वेगही लागत नाही, इतका हा परिणाम स्वतंत्र आहे.

चौथा पर्याय ज्यांनी सुचवला ते आमच्या दुरुस्तीच्या कामावरचे एक पाथरवट. मी त्यांना हे सगळं समजावू लागलो तर ते म्हणाले, "साहेब, पाटा गुळगुळीत झाला की बायका टाकी लावून घेतात, तसंच करायचं की." बरोबर होतं. वाटण ओलं असलं तरी टाकी लावलेल्या पाट्यावर वरवंटा पकड धरतो. पाटा गुळगुळीत झाला की तोच वरवंटा वाटणावरून नुसता सरकतो. तीन पिढ्यांनी स्वयंपाकघरात पाहिलेली गोष्ट मी सूत्रांतून शोधत होतो.

काय केलं

पायऱ्यांना जागेवरच टाकी लावायचं, म्हणजे छिन्नी-हातोडीनं बारीक घाव घालून त्या खडबडीत करायचं ठरलं. दगड जेमतेम १८ मिलिमीटर जाड, त्यामुळे पाथरवटांनी आधी प्रत्येक लादी ठोकून पाहिली. दोन लाद्या पोकळ वाजल्या. त्यांच्याखाली सिमेंटचा रस भरून त्या घट्ट केल्या आणि मगच हातोडीला हात लावला. चालायच्या पट्ट्यावर बारीक, एकमेकांना न जुळलेले घाव घालायचे, म्हणजे उंचवटे सुटे राहतील आणि मधल्या वाटा एकमेकींना जोडलेल्या असतील, एवढं मी सांगितलं. बाकी सगळी अक्कल त्यांची.

अडचण आली ती पायरीच्या कडेची. उतरताना पाय नेमका कडेवर पडतो, म्हणजे पकड तिथेच सगळ्यात जास्त हवी. पण कडेवर टाकी मारली की दगडाचे टवके उडतात. म्हणून कडेला तीन खाचा कटरनं पाडायचं ठरलं. खाचांचं गणितही सोपं आहे: तेवढाच दाब ठेवून सपाट भागाची रुंदी सहावा हिस्सा केली, तर पाणी निघायला लागणारा वेळ छत्तिसावा हिस्सा होतो. टायरला आणि चांगल्या बुटाच्या तळाला खाचा असतात त्या यासाठीच.

काम तीन दिवस चाललं. काळी चकाकी गेली, पायऱ्या करड्या झाल्या. काही सदस्य नाराज झाले आणि त्यांची नाराजी मला समजत होती.

परिणाम, आणि राहून गेलेलं

लोलक-चाचणी पुन्हा केली. टाकी लावलेल्या पट्ट्यावर ओल्या अवस्थेत आकडा चाळीसच्या वर आला. उरलेल्या पावसाळ्यात त्या पट्ट्यावर कोणी पडलं नाही.

पण ऑगस्टमध्ये एक ताई कडेवरून घसरल्या, दोन पायऱ्या खाली बसत्या झाल्या. खाली वाकून पाहिलं तर तिन्ही खाचा चिखलानं काठोकाठ भरलेल्या. कटरची चकती भिंतीपर्यंत पोचत नाही म्हणून, आणि दिसायलाही बरं म्हणून, खाचा दोन्ही टोकांना तीन-चार बोटं आधीच थांबवल्या होत्या. पाऊस त्यांत गाळ आणत होता आणि तो वाहून जायला तोंडच नव्हतं. पावलाखालून निघालेलं पाणी खाचेत जाईल एवढाच विचार मी केला होता, खाचेतून ते पुढे कुठे जाईल हा केला नव्हता. शिवाय एक पायरी किंचित आतल्या बाजूला उतरती होती, पाणी तिथेच तळं करून राहायचं. ही चूक माझी होती, काम करणाऱ्यांची नव्हे. पुढच्या उघडिपीत छिन्नीनं खाचांची बाहेरची टोकं उघडली आणि सफाईच्या दादांना रोज सकाळी तारेचा ब्रश फिरवायला सांगितलं. त्यानंतर खाचा स्वच्छ राहिल्या आहेत.

लिफ्टसमोरची जागा मात्र अजून पॉलिशचीच आहे. तिथे पाऊस पडत नाही, पण ओले पाय आणि छत्र्या येतात. सुरुवातीला दर तासाला पोछा मारायचं ठरवलं होतं, आणि त्यानंही फसगत झाली: नीट पिळलेला पोछासुद्धा मागे पाण्याचा पातळ थर ठेवून जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण दोन मायक्रॉनच्या दगडावर घसरायला तेवढा पुरतो. आता ओला पोछा फिरवला की लगेच कोरड्या कापडानं पुसतात आणि जागा सुकेपर्यंत दोरी लावतात. दारात चार-पाच पावलं पडतील एवढी लांब काथ्याची चटई घातली आहे, म्हणजे तळव्यांचं पाणी चटईतच उतरतं.

वेगळं काय करता आलं असतं

कोटेशनच्या वेळी प्रत्येक दगडाचा तुकडा मागवून, त्यावर साबणाचं पाणी ओतून, लगेच पाय टेकवून पाहिला असता तर सगळं टळलं असतं. "लगेच" हा शब्द महत्त्वाचा. पाणी ओतून पाय ठेवून उभं राहिलात तर दगड खजिनदारांच्या चपलेसारखीच खोटी साक्ष देतो. दुकानात दगड कोरडा दाखवतात, आणि कोरडा पॉलिश ग्रॅनाइट खरोखरच चांगली पकड देतो. त्या आकड्यावरून ओल्याचा अंदाज बांधता येत नाही.

काट्याची चाचणी झाली तेव्हा मला शंका होती आणि मी ती बोललो नाही. मी बोललो असतो तर पेपरवाला मुलगा कदाचित पडला नसता. शंका सिद्ध करता येत नसली तरी निदान पुन्हा मोजायला लावायला हवं होतं: चप्पल हवेतून ओल्या दगडावर टेकवून त्याच क्षणी ओढायची. तेव्हा काट्यावरचा आकडा निम्म्याहून खाली येतो, हे आम्ही नंतर करून पाहिलं.

जुन्या शहाबादीबद्दलही वाटतं. ती टाकून द्यायची गरज नव्हती. तडकलेल्या दोन फरश्या बदलून, बाकीच्या उलट्या करून बसवल्या असत्या तर खर्चही वाचला असता. तुळशीभोवतीच्या फरश्या चांगल्या आहेत. लिफ्टसमोरच्या जागेचं काय करायचं हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि तुळशीभोवतीची एक फरशी सध्या कमिटीच्या खोलीत ठेवली आहे. शेजारी पाण्याची बाटली आहे.